पाण्यावरचा दोर

“गाठ सोड, दादा. आधी गाठ सोड, मगच होडीत पाय टाक.”

दादा कुणाचं ऐकणाऱ्यातला नव्हताच. कमरेला शेला बांधून घेताना नवरदेव उभा राहतो तसा दोन्ही हात वर करून तो काठावर उभा होता आणि भिवाअण्णा मुकादम त्याच्या कमरेला पिवळा दोर बांधत होते. एक वेढा, दुसरा वेढा, मग गाठ, गाठीवर पुन्हा गाठ.

“कौशे, तू वल्ही बघ,” दादा म्हणाला. “दोराचं आमचं आमी बघतो.”

“पाण्यावर अंगाला काय बी बांधायचं न्हाई. आबानं तुला बी हेच शिकवलंय.”

“आबानं मासं धरायला शिकवलं. तारा ओढायला अण्णांनी शिकवलं.”

गँगमधले गडी हसले. मी नाही हसले. आबा जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा डोंगरात, म्हणून होडी माझ्या वाट्याला आली होती, आणि बाजाराची माणसं, आजारी माणसं, एकदा तर अडलेली म्हैससुद्धा मी त्या पाण्यावरून पार नेली होती. चार हंगाम डोंगरात काढून हा शहाणा पाण्याची सगळी अक्कल तिकडेच सांडून आला होता, आणि वर मलाच शिकवत होता.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमच्या गावावरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, तेव्हा पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. आम्ही त्यांना पंखे म्हणायचो. पंखे होते, वारा तर रग्गड होता, पण त्या वाऱ्याची वीज न्यायला तार नव्हती. सड्यावर ना कारखाना ना शहर. वीज हवी होती लांब पूर्वेकडच्या गावांना. म्हणून डोंगरामागून डोंगर टॉवर उभे करत ही गँग चालली होती आणि चालत चालत आमच्या धरणाच्या पाण्यापाशी येऊन ठेपली होती. एक टॉवर अलीकडच्या टेकडीवर, दुसरा पलीकडच्या. मधे पाण्याचा फाटा.

दोन टॉवरांमध्ये ती जाड तार एकदम कुणी ओढत नाही. आधी बारीक दोर जातो, त्याला बांधून जाड दोर, त्याला बांधून लोखंडी दोर आणि शेवटी तार. तो पहिला दोर माणसानं न्यायचा. भिवाअण्णांच्या गँगमध्ये तो कमरेला बांधून दरीत उतरायचा आणि समोरच्या कड्यावर चढायचा, अशी रीत होती. जो तो दोर पलीकडे पोचवील त्याला टॉवरखाली नारळ आणि फेटा. दादाला चार हंगाम तो मान मिळाला नव्हता. आता दोर आमच्याच पाण्यावरून जायचा होता, होडीही आमचीच होती, मग दुसऱ्याला तो कसला मान देतोय!

मी अण्णांकडे वळले. “अण्णा, तुमी तरी सांगा. होडीच्या कडीला बांधू की दोर.”

अण्णा पन्नाशीचे, काटक, पायाला भेगाच भेगा. पूर्वेकडच्या कुठल्यातरी कोरड्या डोंगरावरचे. गुडघाभर पाण्यात उतरायचं म्हटलं तरी आधी देवाचं नाव घ्यायचे. पण माझ्याशी कधी वाकडं बोलले नाहीत.

“पोरी,” ते म्हणाले, “कडी तुटती, होडी उलटती. माणूस दोराला आसला तर मला हिथं हाताला कळतंय. एक हिसका आला की दोर आनखी ढिला सोडायचा. हिसक्यावर हिसके आले की समजायचं, गडी घसरला. मग आमी सगळे मिळून ओढतो. दोन माणसं आशी कड्यावरनं वर काढल्याती म्या.”

“पन हे पानी हाय, अण्णा.”

“पानी काय आन् डोंगर काय. दोर त्योच, हात त्येच.”

त्यांनी दादाच्या पाठीवर थाप मारली, नारळ फोडला, पाण्याला एक तुकडा दिला. मी मुकाट्यानं वल्ही हातात घेतली. तेव्हा नेटानं भांडायला हवं होतं असं आता कुणीही म्हणेल. पण काठावरची सात-आठ माणसं, सगळी पुरुषमाणसं, एका सुरात हो म्हणत असली की एकोणीस वर्षांच्या पोरीच्या नाहीला कोण विचारतं!

निघालो तेव्हा पाणी निवांत होतं. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, धरण खाली गेलेलं, काठाकाठानं तांबड्या गाळाचे पट्टे उघडे पडलेले. वल्हवताना माझं तोंड मागच्या काठाकडे असायचं. होडीच्या मागच्या टोकाला दादा माझ्याकडे तोंड करून बसलेला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेमागून दोर निघून पाण्यात गेलेला. काठावर अण्णा आणि गडी ड्रमवरून दोर सोडत होते. तो आधी पाण्यावर तरंगताना दिसत होता. मग भिजला, जड झाला आणि दिसेनासा झाला.

“खाली झाडं हायती, दादा,” मी म्हणाले. “पानी उतरलंय. शेंडं वर आल्याती.”

“मला नको सांगू. त्या शेंड्यांवर म्या पोहायला शिकलोय.”

ते खरं होतं. धरण भरलं तेव्हा सगळं रान उभ्याउभ्या पाण्याखाली गेलं. जांभळी, ऐन, हिरडे. पाणी उतरलं की त्यांची काळी बोटं वर येतात. काही वर येतात, काही हातभर खालीच राहतात. भीती त्या न दिसणाऱ्यांची.

अर्धी वाट सरली असेल. दादा फेटा कोणत्या रंगाचा असेल त्यावर बोलत होता. त्याच्या खांद्यावरून मला सड्यावरचे पंखे दिसत होते. तार नसल्यामुळे ते बांधून ठेवल्यासारखे उभे असायचे. त्यांच्या मागून आभाळ तांबूस झालेलं मला दिसलं.

“दादा, वारा उतरतोय.”

त्यानं मागं वळून पाहिलं आणि दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

घाटावरून तो वारा असा उतरतो की सांगून पटणार नाही. आधी काहीच नाही, मग पाण्यावर काटा येतो, मग एकदम. पहिल्या झपाट्यालाच काठावरचा सगळा सुका गाळ उठला. तांबड्या धुळीचा पडदा आला आणि त्यात ड्रम, अण्णा, गडी, टेकडी, टॉवर सगळं गेलं. हाक मारून उपयोग नव्हता. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. लाटा पाठोपाठ येऊ लागल्या. मी होडी लाटेला सरळ धरायचा जिवापाड प्रयत्न करत होते. आडवी झाली की संपलं, एवढं मला कळत होतं.

“मागं फिरव!” दादा ओरडला.

“फिरवता येत न्हाई! आडवी होईल!”

आणि तेवढ्यात होडी थांबली. म्हणजे मी वल्हवत होते, अंगातलं सगळं बळ लावून वल्हवत होते, पण होडी जागची हलेना. दादा मागच्या मागं ओढला गेला. त्याची पाठ कडेवर आपटली. मी दोराकडे पाहिलं. तो काठाकडे जात नव्हता. तो सरळ खाली पाण्यात गेला होता.

दोर झाडात अडकला होता.

दादा दोन्ही हातांनी दोर धरून सोडवायला बघत होता. झटका, पुन्हा झटका. कुणीही तेच केलं असतं. पण माझ्या डोक्यात अण्णांचे शब्द वाजले आणि मी किंचाळले, “हिसकं देऊ नको! दादा, हिसकं देऊ नको!”

उशीर झाला होता. दोर आधी थरथरला. मग ताणला. मग तिकडून, धुळीच्या पलीकडून, सगळे मिळून ओढू लागले.

त्या झाडाच्या बेचक्यातून दोर सरकत होता आणि दादाला खाली ओढत होता. होडीचं मागचं टोक पाण्याला टेकलं. एक लाट आत आली, माझ्या मांडीपर्यंत पाणी. दादा दोन्ही पाय कडेला रोवून मागं रेलला होता आणि एका हातानं गाठ सोडवत होता. ओली गाठ. ओढीनं दगड झालेली. त्याची नखं फुटलेली मला दिसत होती. ओढ क्षणभर सैल व्हायची, पलीकडे गडी हात बदलत असतील, आणि पुन्हा यायची. आधीपेक्षा जोरात यायची.

“अण्णा! सोडा! अण्णा!” दादा हाका मारत होता. लहान पोर आईला हाका मारतं तशा.

वल्ही सोडली तर होडी आडवी होणार. नाही सोडली तर दादा जाणार. मी वल्ही सोडली.

होडीच्या तळाशी आबाचा कोयता असायचा, फांद्या तोडायला. तो पाण्यात चाचपडून मी हातात घेतला. दादानं तो पाहिला.

“तोडू नको!” तो ओरडला. “कौशे, दोर तोडू नको!”

मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की भीतीसुद्धा मागं पडली. मरायला टेकलाय आणि याला फेटा हवाय! मी गुडघ्यांवर सरकत मागं गेले. तेवढ्यात एक मोठी ओढ आली आणि दादा कडेवरून उलटा पाण्यात गेला.

त्याचे हात तेवढे वर राहिले. दोन्ही हातांनी त्यानं कड धरली होती. मग डोकं वर आलं, तोंड उघडलं, पाणी भरलं, पुन्हा आत गेलं. मी पोटावर पडले, एक हात त्याच्या सदऱ्यात घातला आणि दुसऱ्या हातानं कोयता पाण्याखाली नेला. काही दिसत नव्हतं. दोर कुठला आणि दादाचं अंग कुठलं, हे मला हातानंच ओळखायचं होतं. ताठ ते दोर, मऊ ते दादा. पहिला घाव घसरला. दुसरा कशाला लागला ते मला कळलं नाही आणि मी रडायला लागले. रडत रडत घासत राहिले. नायलॉन तुटता तुटत नाही. दादाची बोटं कडेवरून एकेक सुटत होती. मी देवाला काय काय कबूल केलं ते आज सांगवत नाही. त्यातलं निम्मं अजून फेडायचं राहिलंय.

मग एकदम ताण गेला. दोराचं पिवळं टोक पाण्यात सळसळत गेलं आणि दादा माझ्या हातात हलका झाला.

त्याला वर कसा घेतला ते आठवत नाही. होडी आडवी झालीच होती, कडेपर्यंत भरली होती, पण लाकडाची जात, बुडली नाही. वाऱ्यानं तिला उचललं आणि हवं तिकडे नेलं. आम्ही दोघं तळाशी पाण्यात बसून राहिलो. दादाच्या मांडीतून रक्त येत होतं, तो माझा घाव. जरा श्वास आल्यावर मी त्याच्या हेल्मेटनं पाणी उपसू लागले. तो नुसता बसला होता, तुटलेल्या दोराचं कमरेवरचं टोक हातात धरून.

“तोडू नको म्हटलं हुतं तुला,” तो म्हणाला.

“मेला आसतास.”

“मी न्हाई मेलो, ते तुला ठावं. अण्णांना कोण सांगनार?”

मला काही कळेना. दादाचे दात वाजत होते. थंडीनं की कशानं, कोण जाणे.

“त्यास्नी वाटतंय त्ये मला वर काढत्यात. गडी घसरला म्हनून ओढत हुतं, कौशे. जीव तोडून ओढत हुतं. आन् आता दोर मोकळा आला.” तो थांबला. “अण्णांचा धाकटा भाऊ आसाच गेला. कड्यावरनं. ओढताना दोर हलका झाला आन् नुसतं टोक वर आलं. वरीसभर अण्णा कुनाशी बोललं न्हाईत. मला बांधताना गाठीवर गाठ त्येच्यापायी मारत्यात.”

मी उपसायची थांबले.

“त्ये पान्यात उतरतील,” दादा म्हणाला. “मला शोधायला उतरतील. त्यास्नी पोहता येत न्हाई.”

होडी एका लांब ओघळीत जाऊन गाळात रुतली. तिथून आमचा काठ म्हणजे जंगलातून मोठा वळसा. दादानं मांडीला हेल्मेटचा पट्टा बांधला आणि लंगडत पळायला लागला. मी त्याच्या मागं. काटे, दगड, करवंदीच्या जाळ्या. वारा पडला होता आणि धूळ खाली बसत होती. मघाशी मला वाटलं होतं की भीती पाण्यातच राहिली. ती आमच्या आधी त्या वाटेनं पळत होती. दादा सारखं एकच म्हणत होता, “थांबा अण्णा, थांबा, आलो.” मी त्याला गप्प बस म्हणू शकले नाही.

ऊन कलल्यावर आम्ही त्या काठावर आलो. तिथं कुणी नव्हतं. ड्रम आडवा पडलेला. ओढून घेतलेला दोर ढिगानं पडलेला, त्याचं तुटकं टोक एका दगडावर नीट ठेवलेलं. आणि पाण्याच्या अगदी कडेला, गाळात, अण्णांच्या चपला. तोंड पाण्याकडे.

दादा त्या चपलांपाशी जाऊन मटकन बसला. मी पाण्याकडे पाहिलं. ते आता निवांत होतं, सकाळसारखंच. त्यावर कुठं काही तरंगतंय का ते बघायचं मला धैर्य होईना, आणि नजरही हटेना. दादानं एक चप्पल उचलली, छातीशी धरली आणि हुंदका दिला. त्याला इतकं रडताना मी आबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

“घरी चल,” मी म्हणाले. “दादा, आईला कुनीतरी काय सांगितलं आसंल. आधी घरी चल.”

मी त्याला उठवलं. चपला त्यानं काखेत घेतल्या. टेकाड चढून वर आलो तर आमच्या घराच्या अंगणात माणसं जमलेली दिसली. बायका एका बाजूला. आणि पायरीवर, उघड्या डोक्यानं, अनवाणी, गुडघ्यांत मान घालून भिवाअण्णा बसले होते. कमरेपर्यंत चिखलानं माखलेले.

नंतर शेजारच्या हौसाकाकूनं मला सगळं सांगितलं. अण्णा खरंच पाण्यात उतरले होते. कमरेइतक्या पाण्यातून गड्यांनी त्यांना धरून बाहेर काढलं. मग इंजिनाची होडी आणायला गडी धरणाच्या भिंतीकडे पळाले, आणि अण्णा एकटे आमच्या घराकडे निघाले. गँगची रीत अशी, की माणूस गेला तर त्याच्या घरी मुकादमानंच जायचं, दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही, आणि जायचं ते अनवाणी. आई भाकरी करत होती. अण्णा दारात उभे राहिले, आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाले, “माऊली, माझ्या हातनं तुजा सर्जेराव गेला.”

आई रडली नाही, असं काकू म्हणाली. हातातलं पीठ झाडलं आणि विचारलं, “आन् कौसा?”

अण्णांनी मान वर केली. सगळा वेळ त्यांच्या हातात एक दोर होता आणि दोराला दादा होता. होडी कोण वल्हवत होतं, ते त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. अण्णांनाच नव्हे, काठावरच्या कुणालाच. जो येई तो आईपुढं सर्जेरावासाठी रडे. आई प्रत्येकाला विचारी, “कौसा कुठं हाय?” आणि जो तो खाली बघे.

हे सगळं नंतरचं. तेव्हा आम्ही फक्त अंगणात शिरलो. आधी कुणाला कळलंच नाही. मग एका बाईनं किंकाळी फोडली. अण्णांनी डोकं वर केलं, दादाला पाहिलं, त्याच्या काखेतल्या चपला पाहिल्या, आणि उठता उठता पायरीवर कोसळले. दादानं पळत जाऊन त्यांना मिठी मारली. दोघं एकमेकांच्या अंगावर डोकं आपटत रडत होते. सगळं अंगण त्यांच्याभोवती गोळा झालं.

मी फाटकापाशीच उभी होते. हातात अजून कोयता होता, ते मला तेव्हा कळलं.

आई दारातून बाहेर आली. दादा तिच्या पुढ्यात होता, हाताच्या अंतरावर. तिनं त्याच्या पाठीला एकदा हात लावला, खरा आहे याची खात्री करावी तसा, आणि त्याला ओलांडून ती सरळ माझ्याकडे चालत आली. डोकं चाचपलं, खांदे चाचपले, दंड, मनगटं, बोटं. कोयता काढून खाली टाकला. मग मला धरलं, आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला आलं.

“तुजं कुनी कायच सांगंना गं मला,” आई म्हणाली. “तुजं कुनी कायच सांगंना.”